एकच स्प्रिंट कार, विंगसह आणि विंगविना: मागच्या सस्पेन्शनमध्ये काय बदलायचं, काय तसंच ठेवायचं

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत ओहायो-इंडियाना पट्ट्यात ३६० घनइंची इंजिनाची एक स्प्रिंट कार, म्हणजे छोट्या लंबगोल, बहुधा मातीच्या ट्रॅकवर डावीकडे वळत पळणारी उघड्या चाकांची शर्यतगाडी, आहे. काही शर्यती विंग (गाडीला हवेने खाली दाबणारा वरचा पंख) लावून, काही विंग काढून पळवायच्या आहेत. मागचे टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळया), त्यांना पिळणारे आर्म, जेकब्ज लॅडर, बर्डकेज आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांत कोणते पर्याय घ्यावेत, आणि एका सेटवर दोन्ही भागेल का?

एका सेटवर भागणार नाही. पण सगळंच दुहेरी घ्यायचीही गरज नाही. काय बदलायचं हे ठरवण्याआधी गाडी वळणावर कुठल्या बाजूला कलते ते डोळ्यांसमोर आणा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

विंग नसलेली गाडी डाव्या वळणात उजवीकडे कलते. वजन उजव्या मागच्या चाकावर जातं, डावी बाजू उचलली जाते, डावं पुढचं चाक तर हवेतच तरंगतं. विंगवाल्या गाडीचं उलट आहे. वरची विंग २५ चौरस फुटांची, तिच्या दोन्ही कडांना उभे पत्रे. वळणात गाडीचं नाक आत वळलेलं असतं आणि गाडी आडवी घसरत असते, त्यामुळे वारा उजव्या पुढच्या अंगाने येऊन त्या पत्र्यांवर आपटतो आणि विंगला डावीकडे ढकलतो. ही ढकल गाडीच्या गुरुत्वमध्याच्या बऱ्याच वर लागते, म्हणून वेगात असताना गाडी डाव्या मागच्या चाकावर बसते. नॉक्सव्हिलसारख्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर विंगवाली गाडी मागून पाहिली की हे उघड दिसतं. स्वतंत्र सस्पेन्शनवर शिकलेल्याला, म्हणजे आपल्याकडे ‘बाहा’ या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या स्पर्धेच्या गाडीवर हात काळे केलेल्याला, हे पहिल्यांदा पाहताना काहीतरी मोडल्यासारखं वाटतं.

म्हणजे डावा मागचा बार विंगवाल्या गाडीत दाबला जातो आणि विंगविना गाडीत सुटतो. एकाच जागेवरच्या एकाच भागाला दोन उलटी कामं आहेत.

आता सांगाडा पटकन. मागचा अ‍ॅक्सल अखंड, डिफरेन्शियल नाही, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. म्हणून उजवं टायर परिघाने मोठं घेतात. या फरकाला स्टॅगर म्हणतात आणि तो १० इंचांच्या पुढे असला तरी नवल नाही. मधे क्विक-चेंज (पटकन बदलता येणाऱ्या) गिअरचं घर, त्यातून पुढे इंजिनाकडे जाणारी टॉर्क ट्यूब. अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांना बेअरिंगवर तरंगणारे बर्डकेज, म्हणजे सस्पेन्शनचे भाग जोडायच्या चौकटी. प्रत्येक बर्डकेजला टॉर्शन आर्म आणि पुढे-मागे धरून ठेवणारा रेडियस रॉड जोडलेला. अ‍ॅक्सलला डावी-उजवीकडे धरून ठेवायला डाव्या बाजूला जेकब्ज लॅडर.

बारचा हिशेब

मागचे बार साधारणपणे ३० इंच लांबीचे, टोकाला १ १/८ इंचाची ४८ दात्यांची स्प्लाइन, म्हणजे आर्म बसायची दातेरी जागा. बारचं नाव त्याच्या मधल्या व्यासावरून पडतं: १.००० इंचाचा तो १०००, १.०२५चा तो १०२५. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २५ हजारांश इंच जाडी वाढली की बार सुमारे १० टक्के ताठ होतो. बोटाला न जाणवणारा फरक गाडीला चांगलाच जाणवतो.

आकड्यात मांडू. बारची प्रत्यक्ष पीळ खाणारी लांबी २८ इंच आणि आर्म १४ इंच धरला, तर १००० बारचा आर्मच्या टोकाशी ताठपणाचा दर सुमारे २०५ पौंड प्रति इंच येतो. ९७५चा १८६, १०२५चा २२७, १०५०चा २५०. आर्मची लांबी वर्गाने मोजली जाते: तोच १००० बार १५ इंची आर्मवर १७९वर घसरतो आणि १३ इंचीवर २३८च्या वर जातो. म्हणून दुसऱ्या संघाचे बारचे आकडे उचलताना आधी त्यांच्या आर्मची लांबी विचारा. ती न विचारता ‘त्यांनी १०५० लावला होता’ या माहितीचा काही उपयोग नाही.

पोकळ बारबद्दलही हाच हिशेब. १ इंची बारला मधून अर्ध्या इंचाचं भोक पाडलं तर मधल्या भागाचं वजन २५ टक्के कमी होतं, ताठपणा मात्र फक्त ६ टक्के. सौदा चांगला आहे, पण तो बार आता १००० राहिलेला नाही हे वहीत लिहा. अर्ध्या इंची भोकाचा १०५० हा साधारण १०३६च्या भरीव बारसारखा वागतो. एका बाजूला भरीव आणि दुसरीकडे पोकळ लावून नंतर ‘गाडी आज वेगळीच वागतेय’ म्हणत बसणारे कमी नाहीत.

सुरुवातीची निवड अशी. विंगसह: मागे १००० ते १०७५ या पट्ट्यात, उजवा बार डाव्यापेक्षा एक-दोन पायऱ्या जाड. उदाहरणार्थ डावा १०२५, उजवा १०५०. विंगविना: ९५० ते १०२५, दोन्ही बाजूंतलं अंतर फार तर एका पायरीचं. डावा ९७५, उजवा १००० इथून सुरू करायला हरकत नाही. चॅसिस बनवणाऱ्याचा कागद यापेक्षा वेगळं सांगत असेल तर कागद खरा, कारण त्याच्या आर्मची लांबी आणि फ्रेमची लवचीकता त्यात धरलेली असते.

कारण समजून घ्या, म्हणजे ट्रॅकवर स्वतः ठरवता येईल. विंगविना गाडीत डावं मागचं चाक वळणात हलकं होतं. समजा त्या कोपऱ्यावर उभ्या गाडीत ४०० पौंड आहेत आणि वळणात तो कोपरा दीड इंच सुटला. १००० बारवर सुमारे ३०८ पौंड निघून जातात, ९७५वर २७९. जवळपास ३० पौंडांचा फरक, आणि तोही नेमका वळणातून बाहेर पडताना, जेव्हा डाव्या टायरने ओढायला हवं असतं. अ‍ॅक्सल अखंड असल्याने डावं टायर हलकं झालं की ढकलण्याचं काम एकटं उजवं करतं आणि ते गाडीला डावीकडे फिरवतं, म्हणजे शेपूट सुटतं. मऊ बार आणि त्यावर आधीच दिलेला जास्त पीळ ही विंगविना गाडीच्या डाव्या मागच्या कोपऱ्याची रीत आहे ती यासाठी.

विंगवाल्या गाडीत तोच कोपरा हवेच्या दाबाखाली खाली बसतो. तिथे मऊ बार लावला तर सरळ पट्ट्यावर फ्रेम अ‍ॅक्सलवर टेकते. टेकली की त्या क्षणी सस्पेन्शन संपलं, उरलं फक्त टायर. उजवा बार जाड लागतो तोही दाब पेलण्यासाठी, आणि वेग कमी असताना, म्हणजे सुरुवातीला किंवा शर्यत संथ करणाऱ्या पिवळ्या झेंड्यानंतर, गाडी एकदम उजवीकडे लोळू नये यासाठी.

एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. अखंड अ‍ॅक्सलवर स्प्रिंगचा आधार चाकांच्या आत, बर्डकेजपाशी असतो. गाडी सरळ खाली बसते तेव्हा बारचा ताठपणा पूर्ण कामी येतो. कलताना मात्र आधाराची रुंदी भागिले चाकांमधली रुंदी याचा वर्ग लागू होतो. आधार चाकांच्या रुंदीच्या दोन-तृतीयांश असेल तर कलण्याविरुद्धचा ताठपणा फक्त ४४ टक्के उरतो. म्हणून विंगवाल्या गाडीत बार बदलला की गाडीची उंची आणि विंगचा कोन आधी बदललेला जाणवतो. विंगविना गाडीत उंची फारशी हलत नाही, बदल कलण्यात दिसतो, आणि तिथे बारपेक्षा लॅडर व शॉकचा वाटा मोठा असतो.

बारची निगा दोन वाक्यांत: एकदा एका बाजूला पळवलेला बार दुसऱ्या बाजूला लावायचा नाही, कारण त्याला एका दिशेच्या पिळाची सवय झालेली असते आणि उलट पिळला की थकवा लवकर येतो. टोकावर रंगाने ‘डावा’, ‘उजवा’ आणि बाण काढा, बार व्हाइसमध्ये धरू नका, कानसीचा ओरखडाही चालत नाही, कारण तडा तिथूनच सुरू होतो.

ब्लॉकिंग आणि पीळ

बार कितीही अचूक निवडले तरी ब्लॉकिंग, म्हणजे ठोकळे ठेवून बारची शून्य जागा ठरवणं, चुकलं तर ते वाया जातं. क्रम असा ठेवा. गाडी सपाट जमिनीवर स्टँडवर घ्या, चाकं काढा, शॉक सोडा, आर्म सुटे करा. आता अ‍ॅक्सल हाताने पूर्ण वर-खाली आणि तिरपा हलवून पाहा. कुठेही अडकत असेल तर तिथेच थांबा. रॉड एंड (रॉडच्या टोकाचा फिरता सांधा) पूर्ण वळून बोल्टला घासतोय, टॉर्क ट्यूबच्या पुढच्या गोळ्याला मागे-पुढे जागा नाही, बर्डकेज बाजूने आवळलाय, यांपैकी काहीतरी निघतं. असा अडकलेला सांधा म्हणजे कुठल्याही तक्त्यात नसलेली एक जास्तीची स्प्रिंग. बार बदलून काहीच फरक पडत नाही अशी तक्रार असेल तर दहापैकी बऱ्याच वेळा कारण इथे सापडतं.

मग अ‍ॅक्सल काटकोनात आणा: फ्रेमवरच्या एका ठरलेल्या बिंदूपासून, समजा इंजिनाच्या मागच्या प्लेटपासून, दोन्ही बाजूंचं अंतर मोजून रेडियस रॉड फिरवा. नंतर लॅडरने डावी-उजवी जागा ठरवा. त्यानंतर फ्रेम आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये चॅसिसवाल्याने दिलेल्या उंचीचे ठोकळे ठेवा. आर्म स्प्लाइनवर सरकवा आणि स्टॉपचा (बारला पीळ देणारा) बोल्ट आर्म नुकता ताण घेईपर्यंत फिरवा. ही शून्य जागा. बोल्टवर खूण करा.

४८ दाते म्हणजे दर दात्याला साडेसात अंश. १४ इंची आर्मच्या टोकाला ते जवळपास १.८ इंच होतात. म्हणून एक दाता पुढे-मागे करून ‘जवळपास’ बसवता येत नाही. दाता असा निवडा की शून्य जागेवर स्टॉपचा बोल्ट साधारण मध्यावर येईल आणि दोन्हीकडे फिरायला जागा उरेल.

एक फेरा म्हणजे किती? बोल्ट बारच्या मध्यापासून ४ इंचांवर टेकत असेल आणि त्याला इंचाला २० आटे असतील, तर एका फेऱ्यात बोल्ट ०.०५ इंच सरकतो आणि १४ इंची आर्मचं टोक ०.१७५ इंच. १००० बारवर हा ३६ पौंडांचा पीळ झाला. चाकांखालच्या वजनकाट्यावर यापेक्षा कमी दिसेल, कारण एक कोपरा उचलला की गाडी तिरपी होते आणि बाकीचे तीन कोपरे वाटा घेतात. तुमच्या गाडीचा खरा आकडा काट्यांवर एकदा काढून वहीत लिहून ठेवा: चालक बसलेला, इंधन शर्यतीच्या अर्ध्याइतकं, हवा शर्यतीच्या दाबाची.

जेकब्ज लॅडर

लॅडर म्हणजे डाव्या बर्डकेजला एका टोकाशी जोडलेली शिडीच्या आकाराची त्रिकोणी चौकट, आणि तिची रुंद बाजू फ्रेमला धरणाऱ्या दोन पट्ट्या. पॅनहार्ड बार, म्हणजे याच कामाचा एकच आडवा दांडा, एका कंसात फिरतो, त्यामुळे अ‍ॅक्सल वर-खाली होताना बाजूलाही सरकतो. मातीवर जिथे सस्पेन्शन कित्येक इंच हलतं तिथे ते परवडत नाही. लॅडरच्या दोन पट्ट्यांमुळे अ‍ॅक्सल जवळजवळ सरळ रेषेत वर-खाली होतो. वॉट्स लिंकही हेच करते, पण तिला भाग जास्त आणि माती अडकायला जागा जास्त. मातीच्या ट्रॅकवर लॅडर सोडून दुसरं काही घेण्याचं कारण मला दिसत नाही. डांबरी ट्रॅकची गोष्ट वेगळी. तिथे हालचाल थोडी असते, पॅनहार्ड आणि कॉइलओव्हर (भोवती स्प्रिंग असलेले) शॉक दोन्ही चालतात.

निवड करायची ती बर्डकेजवरच्या जोडाच्या उंचीची. जोड वर घेतला की मागचा रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, वर जातो, गाडी कमी कलते आणि बाजूचं वजन स्प्रिंगमधून हळू येण्याऐवजी सांध्यांमधून थेट उजव्या टायरवर येतं. खाली घेतला की गाडी जास्त कलते, वजन सावकाश पोचतं.

विंगवाल्या गाडीत ही उंची मी एकदा बसवून सोडून देईन. तिथे कलणं मुळात हवा ठरवते. विंगविना गाडीत मात्र ही रात्रभर हातात ठेवायची गोष्ट आहे. सुरुवातीला ट्रॅक ओला आणि चिकट असतो, उजवं टायर असं धरतं की डावी दोन्ही चाकं उचलून गाडी दोन चाकांवर जाते. हे टाळायला लॅडर खाली, गाडी बसकी, उजवं मागचं चाक स्पेसर घालून बाहेर. रात्र चढते तसा ट्रॅक घासून काळा-गुळगुळीत होतो, टायरला पकड मिळेना होते. मग उजवं चाक आत, लॅडर वर. कोकोमोसारख्या पाव मैलाच्या ट्रॅकवर पात्रता फेरी आणि मुख्य शर्यत यांत दोन वेगळ्या गाड्या पळवल्यासारखं वाटतं ते यामुळे.

लॅडर झिजला की चालक सांगतो, ‘पाय दाबला की मागचं एकीकडे, सोडला की दुसरीकडे’. डावं मागचं चाक वर धरून आत-बाहेर ढकला. डोळ्याला दिसण्याइतकी ढील असली तरी बुश आणि रॉड एंड बदला. भिंतीला किंवा दुसऱ्या गाडीच्या चाकाला जोरात आपटल्यावर पट्ट्या सरळ दिसल्या तरी काढून टाका. ही एक पट्टी तुटली की मागच्या अ‍ॅक्सलला बाजूने धरणारं काहीच उरत नाही.

रेडियस रॉडचा कोन: इथे सर्वांत जास्त फसगत होते

टॉर्क ट्यूबमुळे अ‍ॅक्सलच्या पिळाची प्रतिक्रिया बर्डकेजवर येत नाही, ती ट्यूबच्या पुढच्या टोकाला चॅसिस वर उचलते. समजा टायर ८०० पौंडांनी ढकलतायत, टायरची त्रिज्या १.३ फूट आणि ट्यूब ३ फूट, तर पुढच्या टोकाला जवळपास ३५० पौंडांची उचल मिळते आणि तितकाच दाब अ‍ॅक्सलवर. ब्रेकचा कॅलिपर गिअरच्या घरावर असेल तर ब्रेकचाही पीळ याच वाटेने जातो. विंग असो-नसो, हा भाग बदलत नाही. त्यामुळे चार लिंकवाल्या लेट मॉडेल गाड्यांचे (मातीवरच्याच, पण बंद बॉडीच्या शर्यतगाड्यांचे) रॉडचे कोन स्प्रिंट कारला लावू नका. त्यांच्या मागच्या भागाचं गणितच निराळं.

इथे रॉडचा कोन मुख्यतः दोन गोष्टी ठरवतो: टायरच्या ढकलीची रेषा, आणि गाडी कलली की अ‍ॅक्सल कुठे वळतो. दुसरी गोष्ट नीट पाहा.

२० इंची रॉड, त्याचं पुढचं टोक मागच्यापेक्षा २ इंच वर. फ्रेम त्या बाजूला २ इंच खाली बसली की रॉड आडवा होतो आणि त्याचं मागचं टोक ०.१ इंच मागे जातं. फ्रेम २ इंच उचलली की रॉड आणखी उभा होतो आणि टोक ०.३ इंच पुढे खेचलं जातं. अ‍ॅक्सलच्या मध्यावर यातला काही भागच पोचतो, कारण दुसरं टोक टॉर्शन आर्मने धरलेलं असतं आणि बर्डकेज थोडा फिरतो. पण दिशा हीच राहते.

हा कोन डाव्या बाजूला असेल तर? विंगवाल्या गाडीत डावा कोपरा खाली बसतो, डावं चाक मागे जातं, मागची चाकं वळणाच्या आत रोखली जातात आणि गाडी टाइट होते, म्हणजे वळायला नकार देते. विंगविना गाडीत तोच कोपरा उचलतो, डावं चाक पुढे येतं, मागची चाकं बाहेर रोखली जातात आणि गाडी लूज होते, म्हणजे शेपूट सुटतं. कोन तोच, परिणाम उलटा. विंग काढून गाडी नुसती उतरवली आणि रॉडची भोकं तशीच ठेवली, तर चालक म्हणेल की विंगविना गाडी हाताळायलाच कठीण. त्यातला निम्मा दोष रॉडचा असतो. विंगविना सुरुवातीला डावा रॉड आडव्याच्या जवळ आणा, मग ट्रॅक बघून एकेक भोक.

रॉड अ‍ॅल्युमिनियमचे पुरतात. ते वाकतात, आणि वाकणं हा गुण आहे, कारण त्यांच्याऐवजी फ्रेमचा कान फाटणं महाग पडतं. रॉड एंडचे आटे आत किमान व्यासाच्या दीडपट गेले पाहिजेत, ५/८ इंचाला साधारण १५/१६ इंच. जॅम नट (रॉड एंड जागेवर आवळणारे नट) दर फेरीनंतर हाताने तपासा.

बर्डकेजमध्ये दुहेरी बेअरिंगचे घ्या, निदान डाव्या बाजूला. लॅडरचा सगळा आडवा भार तिथेच येतो. विंगविना गाडीत तो झटक्याने येतो, एकेरी बेअरिंग तिरपं होतं आणि गरम होतं. बाजूने शिम (पातळ चकत्या) लावताना बर्डकेज बोटांनी मोकळा फिरला पाहिजे, पण आत-बाहेर खडखडता कामा नये.

शॉक

पैसे मर्यादित असतील तर ते इथे घाला. टायटॅनियमचे बोल्ट आणि पट्ट्या छान दिसतात, वजन वाचवतात, पण आटे एकमेकांत चिकटून बसतात. अँटी-सीझ लावल्याशिवाय ते फिरवू नका. गाडी वेगवान होते ती शॉकने.

विंगवाली गाडी: हवेचा दाब वेगाच्या वर्गाने बदलतो. वळणात शिरताना वेग २० टक्के पडला तर दाब ३६ टक्के जातो. म्हणजे चालकाने पाय उचलला की डावा मागचा कोपरा एकदम वर येऊ पाहतो, विंगचा कोन बदलतो आणि पुन्हा पाय दाबताना तो परत खाली बसेपर्यंत पकड नसते. म्हणून डाव्या मागच्या शॉकला रिबाउंड (लांब होण्याला विरोध) भरपूर देतात, कोपरा बांधून ठेवल्यासारखा. गुळगुळीत ट्रॅकवर हे उत्तम. खड्डेवाल्या ट्रॅकवर हाच शॉक घात करतो: प्रत्येक खड्ड्यात दाबला जातो, परत वर यायला वेळ मिळत नाही, गाडी पायरी-पायरीने खाली बसत जाते आणि शेवटी टेकते. शाफ्टवर एक ओ-रिंग ठेवा. ती दर वेळी तळाशी सापडली तर बार जाड करण्याआधी रिबाउंड कमी करून पाहा. उजव्या मागच्या शॉकला कॉम्प्रेशन (दाबलं जाण्याला विरोध) मध्यम ते ताठ चालतं, कारण तिथे दाब हवेचा आहे आणि तो तसाही टायरवर येणारच.

विंगविना गाडी: उजव्या मागच्या शॉकचं कॉम्प्रेशन हा सगळ्यात मोठा हात. ताठ असेल तर वजन टायरवर धक्क्याने येतं. गुळगुळीत ट्रॅकवर टायर सुटतं, चिकट ट्रॅकवर गाडी दोन चाकांवर जाते. दोन्ही वेळा मऊ हवं, फक्त कारणं वेगळी. डाव्या मागच्या शॉकला विंगवाला बांधणारा रिबाउंड इथे लावला तर कोपरा सुटताना शॉकच चाकाला उचलून धरतो. मऊ बारने जे ३० पौंड वाचवले ते शॉकने घालवले. इथे रिबाउंड कमी ठेवा, आणि शॉक लांबीला जास्त घ्या. डावा कोपरा पूर्ण सुटल्यावरही शाफ्टला इंचभर शिल्लक हवी. नाहीतर शॉक संपतो, लगाम बनतो आणि वरचा कान तोडतो.

म्हणून दोन्ही प्रकारांसाठी वेगळे घ्यायचे ते मागचे दोन्ही शॉक. बारचे ९५०, ९७५, १०००, १०२५, १०५० असे नग ठेवले की दोन्हीकडे भागतं, पण १०००चे दोन हवेत, एक डाव्या खुणेचा आणि एक उजव्या. आर्म, बर्डकेज, लॅडर आणि रॉड तेच राहतात. बदलतात त्या त्यांच्या जागा, आणि प्रत्येक जागेचं भोक क्रमांकासह वहीत हवं.

विंगवरून विंगविना जाताना कामाचा क्रम असा ठेवा: आधी रॉडची भोकं, मग लॅडरची उंची, मग बार, मग नव्याने ब्लॉकिंग, शेवटी शॉक आणि काटे. रॉड किंवा लॅडर हलवून जुन्याच ब्लॉकिंगवर गाडी उतरवू नका. बर्डकेज थोडा फिरलेला असतो, आर्मचा कोन बदललेला असतो, आणि तुम्ही शून्य समजता ती जागा आता एखाद-दोन फेरे सरकलेली असते. सगळं मिळून दोन माणसांना निवांत दुपार लागते. शर्यतीच्या संध्याकाळी पिटमध्ये हे करायला घेऊ नका.